सारस, तलाव आणि कायद्यातील व्याख्या : मुळशीपासून गोंदियापर्यंत

१/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेट्यातील शेतकरी आणि पुण्याहून आलेले कार्यकर्ते टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रहाला प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. हा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आजच्या धाग्यात त्यातील एक प्रश्न हाती घेऊन आपण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यात, जाणार आहोत. तेथे तोच प्रश्न एका पक्ष्याच्या अस्तित्वाशी येऊन भिडला आहे.

२/ प्रश्न असा. मुळशीची जमीन घेताना सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्याच्या दृष्टीने भाताचे खाचर म्हणजे ठरावीक क्षेत्रफळाचा, ठरावीक भरपाईचा तुकडा. मावळातील कुणब्याच्या दृष्टीने मात्र खाचर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घातलेला बांध, डोंगरावरून वळवलेले पाणी, पावसाळ्यातले मासे आणि खेकडे, आणि त्या सर्वांभोवती उभे राहिलेले गाव. 'जान किंवा जमीन' या घोषणेत हा दुसरा अर्थ होता. भरपाईच्या कागदात त्याला रकाना नव्हता.

३/ डिसेंबर १९२४ मध्ये सत्याग्रह थांबला, धरण पूर्ण झाले आणि पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. कायदा एखाद्या जागेला कोणत्या नावाने ओळखतो, यावर तिचे भवितव्य ठरते, हा मुळशीचा एक धडा आहे. जमिनीच्या इतिहासात तो वारंवार सांगितला जातो. पाणथळ जागांच्या इतिहासातही तो तितकाच लागू पडतो, आणि तेथे त्याचा साक्षीदार आहे सारस.

४/ सारस हा क्रौंच कुळातील पक्षी. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो जगात सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला सारस जवळजवळ सहा फूट उंच भरतो. राखाडी अंग, पिसे नसलेली लाल मान आणि डोके, लांब तांबूस पाय. जागतिक पातळीवर त्याची गणना 'असुरक्षित' वर्गात होते. भारतातील बहुसंख्य सारस उत्तर प्रदेशात आहेत आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे.

५/ एक खुलासा आरंभीच करतो. मुळशीच्या धरणाने सारस बुडवले, असे माझे म्हणणे नाही. सारसाच्या जुन्या प्रदेशाची दक्षिण सीमा साधारण गोदावरीपर्यंत मानली जाते. मुळशी त्या सीमेबाहेर आहे. आज महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते पूर्व विदर्भात : मुख्यतः गोंदियात, आणि अगदी तुरळक भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत. गोंदियातील संख्या अलीकडच्या वर्षांत पन्नासच्या आत राहिली आहे आणि तिचा कल उताराकडे आहे. संपूर्ण राज्याचे सारस एका एसटी बसच्या आसनांवर मावतील एवढेच.

६/ तरीही आपल्या सांस्कृतिक स्मृतीत या पक्ष्याचे स्थान फार जुने आहे. रामायणाच्या आरंभी व्याध क्रौंच जोडप्यातील नराला मारतो आणि वाल्मीकींच्या शोकातून श्लोक जन्मतो, ही कथा सर्वश्रुत आहे. तो क्रौंच नेमका कोणता पक्षी? संस्कृत साहित्यातील पक्ष्यांचा अभ्यास करणारे के. एन. दवे आणि पुढे विदुषी ज्युलिया लेस्ली यांनी तो सारसच असावा, असे मत मांडले. कथेतील पक्ष्याचे वर्णन, त्याचा ऋतू आणि जोडीने राहण्याची सवय यांचा मेळ सारसाशी सर्वांत चांगला बसतो.

७/ दुसरा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे बादशहा जहाँगीर. त्याने सारसांची एक जोडी पाळली होती. नावे ठेवली होती लैला आणि मजनू. १६१८ च्या सुमारास या जोडीने अंडी घातली, तेव्हा मादी कशी बसते, नर पहारा कसा देतो, पिल्ले केव्हा बाहेर येतात, याच्या तपशीलवार नोंदी त्याने आपल्या आत्मचरित्रात करविल्या. राजदरबाराच्या इतिहासग्रंथात एका पक्ष्याच्या प्रजननाचे असे निरीक्षण सापडणे दुर्मीळच.

८/ जोडीदार मेला की सारस झुरून प्राण सोडतो, ही समजूत उत्तर भारतात सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात जोडीदार गमावलेला सारस पुन्हा जोडी जुळवू शकतो, असे निरीक्षण आहे. परंतु समजूत खरी नसली तरी तिचा परिणाम खरा आहे. या श्रद्धेमुळे अनेक प्रदेशांत सारसाला कोणी मारीत नसे. आता आपला प्रश्न पुढे सरकतो : ज्या पक्ष्याला मारणे पाप मानले गेले, तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा का झाला?

९/ उत्तरासाठी त्याचे घर पाहावे लागेल. सारस पावसाळ्यात वीण करतो. उथळ पाण्यात गवत, लव्हाळे आणि धसकटे रचून तो मोठा ढिगारा उभारतो आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. कंद, धान्य, कीटक, बेडूक हे त्याचे अन्न. त्याला गुडघाभर पाणी लागते. खोल पाणी त्याच्या उपयोगाचे नाही. डोंगराच्या घळीत अडवलेला, वीजनिर्मितीसाठी पातळी वरखाली होणारा मुळशीसारखा जलाशय कितीही विशाल असला, तरी सारसाला तेथे घरटे करता येणार नाही.

१०/ म्हणजे त्याला हवी उथळ काठाची तळी आणि पाणी साचलेली भातशेती. मुळशीत ज्याला खाचर म्हणतात त्याला गोंदियाकडे बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. या बांध्यांना पाणी देणारे असंख्य तलाव आणि त्यांहून लहान बोड्या हे त्या मुलखाचे वैशिष्ट्य आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. यांतील बहुतेक सर्व मानवनिर्मित आहेत, आणि येथूनच आपला खरा इतिहास सुरू होतो.

११/ चांद्याच्या गोंड राजांची परंपरा सांगते की जंगल तोडून जो गाव वसवील त्याला ते गाव आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. हा निर्णय हिरशहा या राजाच्या नावाशी जोडला जातो. तलावासाठी दिलेल्या अशा जमिनीला 'तुकुम' म्हणत. चंद्रपूर शहरात आज तुकुम नावाची वस्ती आहे. तेथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव एका जलनीतीचा अवशेष आहे, याची कल्पना असेल?

१२/ तलाव बांधण्याचे शास्त्र मुख्यतः कोहळी समाजाच्या हाती होते. गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. उतार ओळखावा, दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालावी, जादा पाण्याला सांडवा ठेवावा आणि एका तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात जावे, अशी ही साखळी. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला, असे मानले जाते. वनाधिकारी म्हणून तेथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी या परिसराला मराठी साहित्यात अढळ स्थान दिले.

१३/ हे तलाव केवळ शेतीसाठी नव्हते. ढिवर त्यात मासे धरीत, गुरे पाण्यावर येत, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या पोटातील गाळ शेतकरी आपल्या बांधीत नेऊन टाकीत. गाळ निघाल्याने तलाव टिके आणि जमीन सुपीक होई. काठाच्या उथळ पट्ट्यात कंदवर्गीय वनस्पती वाढत. ती माशांची अंडी घालण्याची जागा आणि सारसाचे अन्न. सारसासाठी म्हणून कोणी काही केले नव्हते. गाव आपल्या गरजेपोटी तलाव सांभाळी आणि त्या सांभाळण्यात सारसाची सोय आपोआप होत असे.

१४/ नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. पुढील बंदोबस्तात इंग्रजांनी गावचा महसूल भरणाऱ्या मालगुजारांना मालकी हक्क दिले आणि तलावही त्यांच्या मालकीत गणले गेले. गावाचे पाणी, चराई व सरपण यांविषयीचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' आणि 'निस्तार पत्रक' या कागदांत नोंदले गेले. मालगुजारीत शोषण होते, यात संशय नाही. वेठ होती, थकबाकी होती. परंतु तलाव फुटला तर महसूल बुडेल, या भयाने का होईना, त्याची डागडुजी करणारी एक निश्चित व्यक्ती गावात असे.

१५/ स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली. अन्यायाची एक व्यवस्था संपली, हे योग्यच झाले. तलाव शासनाच्या मालकीचे झाले आणि त्यांना नवे नाव मिळाले : माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत 'मामा तलाव'. महाराष्ट्र राज्य आल्यानंतर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारीचा ठेका वेगळीकडून, पाण्याचा हिशेब वेगळीकडून, आणि गाळाची जबाबदारी कोणाचीच नाही, असे अनेक गावांत घडले.

१६/ मालक बदलला. तलाव सांभाळण्याची जुनी रीत मात्र नव्या मालकाकडे आली नाही. गाळाने तलाव उथळ झाले. उथळ पाणी सारसाला हवे, मग हे चांगलेच नव्हे का, असे कोणी विचारील. परंतु गाळलेला तलाव उन्हाळ्याआधीच कोरडा पडतो, त्यात बेशरमाची झुडपे माजतात, काठावर अतिक्रमण करून शेती येते. कंदांचा उथळ पट्टा सर्वांत आधी नष्ट होतो. सारस तेव्हा भातशेतात अधिक येऊ लागतो, आणि तेथे त्याची गाठ कीटकनाशके, विजेच्या तारा आणि पीक तुडवले जाईल या शेतकऱ्याच्या चिंतेशी पडते.

१७/ आता कायद्याकडे परत येऊ. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. या करारातील व्याख्या अतिशय व्यापक आहे : दलदल असो वा पाणी, नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायम असो वा हंगामी, ती पाणथळ जागाच. २००८ मध्ये कराराच्या सदस्य देशांनी भातशेतीचे पाणथळ म्हणून महत्त्व मान्य करणारा स्वतंत्र ठरावही केला.

१८/ भारताच्या २०१० च्या पाणथळ नियमांत तलाव आणि मानवनिर्मित पाणथळ यांचा समावेश होता. भातशेती मात्र वगळलेली होती. २०१७ मध्ये नवे नियम आले. त्यांतील व्याख्येतून नद्यांची पात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यपालन, मीठ वा करमणूक यांसाठी खास बांधलेल्या रचना वगळण्यात आल्या. हे वाक्य पुन्हा वाचावे. सिंचनासाठी बांधलेला तलाव आणि त्याखालची भाताची बांधी : सारसाच्या घराचे हे दोन्ही भाग व्याख्येबाहेर राहिले.

१९/ न्यायासाठी दुसरी बाजूही मांडतो. उपग्रहाच्या साहाय्याने नोंदलेल्या देशातील २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यावे, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिले. तसेच २०२० मध्ये रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर, हे इंग्रज काळात सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यातून निर्माण झालेले आहे. माणसाने बांधलेले पाणीही पक्ष्यांचे तीर्थ होऊ शकते, हे शासनाने येथे मान्य केले. मामा तलावांच्या वाट्याला ती मान्यता इतक्या सहज आली नाही.

२०/ गोंदियात सारस टिकला तो आधी कायद्यामुळे नव्हे. 'सेवा' ही स्थानिक संस्था आणि वनविभाग दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सारसांची गणना करतात. पहाटे अनेक ठिकाणी एकाच वेळी माणसे बसतात, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव आणि बाघ व वैनगंगा नद्यांचे काठ हे त्यांचे ठिकाण. पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. सारस राज्याची सीमा मानीत नाही, म्हणून गणना दोन्ही काठांवर होते. ज्यांच्या बांधीत घरटे असते त्या शेतकऱ्यांना या कामाचे भागीदार करण्यात आले आहे.

२१/ २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येविषयीच्या बातमीची स्वतःहून दखल घेऊन ती जनहित याचिका म्हणून दाखल केली. त्यानंतर जिल्हा पातळीवर सारस संवर्धनासाठी समित्या आल्या. विजेच्या तारा, कीटकनाशके आणि तलावांची स्थिती हे विषय प्रशासनाच्या पटलावर आले. एका पक्ष्यामुळे मामा तलाव पुन्हा शासकीय कागदात 'अधिवास' म्हणून दिसू लागले, ही लहान गोष्ट नव्हे.

२२/ अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आणखी एक प्रयत्न आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला अधिक बोलका वाटतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजासह तलावांचे काम हाती घेतले. बेशरम उपटले, तलावाच्या पोटात नांगर घातला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोठे लावावी, हे ज्ञान ढिवर स्त्री-पुरुषांकडे होते. हेतू मुख्यतः स्थानिक मासे परत आणण्याचा होता. वनस्पती आल्या, मासे वाढले आणि पाणपक्षीही आले. जुन्या काळी झाले तसेच : गाव आपल्यासाठी तलाव सांभाळते आणि पक्ष्याची सोय होते.

२३/ म्हणून मला असे वाटते की सारसाचा प्रश्न केवळ पक्षिशास्त्राचा नाही. त्याचे घर एका सामाजिक व्यवस्थेने बांधले होते. ती व्यवस्था विषम होती आणि ती जशीच्या तशी परत आणणे कोणालाही मान्य होणार नाही. तरी तिच्यातील एक गोष्ट घेण्यासारखी आहे : या तलावाची पाळ कोणी पाहायची, गाळ कोणी न्यायचा, मासा कोणाचा, पाणी कोणाचे, याची उत्तरे लिहून ठेवलेली होती. आज ग्रामसभेने, ढिवरांच्या सहकारी संस्थेने आणि शेतकऱ्यांनी मिळून ती उत्तरे नव्याने, समतेच्या पायावर, लिहायला हवीत. आणि कायद्याने त्या उत्तरांना मान्यता द्यायला हवी.

२४/ मुळशीत खाचराचा पूर्ण अर्थ कागदात नव्हता, आणि पाणी चढल्यावर तो सिद्ध करण्याची संधीही राहिली नाही. गोंदियाचे तलाव अजून आहेत. तेथे उशीर झालेला असला तरी वेळ गेलेली नाही. मात्र सारस वर्षाला दोनच अंडी घालतो. एवढ्या लहान संख्येत दोन-चार पक्षी तारेवर वा विषाने गेले, तरी अनेक वर्षांची भर पुसली जाते.

२५/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. पूर्व विदर्भात आपले गाव असेल तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक पाहावयास मागा, आपल्या गावच्या तलावाविषयी काय लिहिले आहे ते उतरवून घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. पुणे जिल्ह्यात असाल तर आपल्या भागातील खाचरे, तळी आणि ओढे यांची जुनी नावे वृद्धांकडून टिपून ठेवा. पाणथळ जागेची लढाई पुष्कळदा तिच्या नावावर होते, आणि त्या नावाचा पुरावा शोधणे हे आपलेच काम आहे.